दाढीनंतर मानेवर पुळ्या उठतात : रेझर, पाणी आणि पद्धत याबाबत सल्ला हवा आहे

विश्रामबागकर (सांगली)

नमस्कार मंडळी. माझे वय २८ असून मी एका पतसंस्थेत रोखपाल आहे. काउंटरवर दिवसभर लोकांसमोर बसायचे असल्याने रोज दाढी करावी लागते. गेली सहा वर्षे मी पाच पात्यांचा कार्ट्रिज रेझर वापरतो आणि गाल असो वा मान, खालून वर म्हणजे उलटा हात फिरवतो, कारण सुलट्या हाताने केलेली दाढी संध्याकाळपर्यंत खरखरीत लागते. मानेवर, विशेषतः डाव्या जबड्याखाली, बारीक लाल पुळ्या नेहमीच असतात. त्यांतल्या काहींच्या टोकाला पू दिसतो आणि त्या बऱ्या झाल्यावर काळे डाग मागे राहतात.

आमच्या घरी श्रावण पाळतात. यंदा महिनाभर दाढी केली नाही आणि गणपती घरी आणण्याच्या आदल्या दिवशी जवळपास सेंटिमीटरभर वाढलेले केस त्याच रेझरने एका बैठकीत उतरवले. केस पात्यांत अडकत होते, म्हणून एकाच जागी चार-पाच वेळा हात फिरवावा लागला. तिसऱ्या दिवशी मानेची अवस्था अशी झाली की शर्टाचे वरचे बटण लावता येईना. औषधाच्या एका दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळालेले मलम दहा दिवस लावले. त्याने लाली झटकन उतरली, पण मलम थांबवताच ती पूर्वीपेक्षा जास्त आली.

आणखी दोन गोष्टी उपयोगी पडतील म्हणून सांगतो. आमच्या इमारतीत न्हाणीघराला बोअरचे पाणी आहे. तसेच रविवारी मी खानापूर तालुक्यातल्या गावी जातो, तिथे दोन गाई आहेत आणि धार मीच काढतो. रेझर बदलावा का, साबण कोणता घ्यावा, तुरटी लावावी की नाही, आणि हे दुखणे नेमके कशामुळे आहे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त सुभेदार (सातारा)

तुमचे वर्णन वाचून मला माझ्या पलटणीतली भरतीची पोरे आठवली. सैन्यात रोज दाढी करणे सक्तीचे असते आणि पहाटेच्या घाईत कोरड्या गालावर रेझर ओढणाऱ्या पोरांच्या माना तुम्ही सांगता तशाच होत असत. मी स्वतः नोकरीची चोवीस वर्षे आणि त्यानंतर आजपर्यंत साधा सेफ्टी रेझर आणि त्यात एक दुधारी ब्लेड, एवढ्यावरच दाढी केली आहे. या प्रकारच्या रेझरचे पेटंट अमेरिकेतल्या किंग जिलेट यांना १९०४ साली मिळाले आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैनिकांना असे सुमारे ३५ लाख रेझर पुरवले गेले. शंभर वर्षांत त्याच्या रचनेत मुळातून बदल करावा असे फारसे काही निघाले नाही, यातच त्याची योग्यता दिसते, असे माझे मत आहे.

आता पद्धत सांगतो, ती मन लावून वाचा, कारण रेझर विकत घेऊन पद्धत जुनीच ठेवली तर पहिल्याच दिवशी हनुवटी कापून घ्याल. दाढी आंघोळीनंतर करा. ते जमत नसेल तर गरम पाण्यात पिळलेला पंचा दोन-तीन मिनिटे गालावर आणि मानेवर धरा. ब्रशने फेस काढा, तो गालावर गोल फिरवत केसांच्या मुळापर्यंत जिरवा आणि तसाच मिनिटभर राहू द्या. ब्लेड गालाशी साधारण तीस अंशांच्या कोनात येईल असा रेझर धरा आणि हाताने अजिबात दाब देऊ नका. कार्ट्रिजने लागलेली दाबण्याची सवय मोडायला तुम्हाला दोन आठवडे लागतील, म्हणून त्या काळात घाईच्या दिवशी हा प्रयोग करू नका आणि रविवारपासून सुरुवात करा. प्रत्येक ओढीनंतर ब्लेड पाण्यात खळबळून घ्या. एक ब्लेड चार दाढ्यांपेक्षा जास्त वापरू नका. पाच पात्यांच्या एका कार्ट्रिजच्या पैशांत दुधारी ब्लेडचे कितीतरी पुडे येतात, तेव्हा इथे काटकसर करण्याचे कारण उरत नाही.

शेवटी गार पाणी आणि तुरटी. आमच्या वडिलांपासून घरात तुरटीचा खडा आहे आणि तो मी सोडणार नाही.

कराडचे सलून

दादा, सुभेदारसाहेबांनी रेझरचे सांगितले ते बरोबर आहे, पण मानेचे गणित गालापेक्षा वेगळे असते आणि ते समजल्याशिवाय कोणताही रेझर तुम्हाला उपयोगी पडणार नाही. आमचा हा पिढीजात धंदा आहे आणि एकवीस वर्षे मी खुर्चीमागे उभा आहे. गालावरचे केस बहुतेकांचे वरून खाली येतात. मानेवर मात्र कुणाचे खालून वर जातात, कुणाचे कानाकडून गळ्याच्या घाटीकडे आडवे येतात, तर कित्येकांच्या जबड्याखाली भोवरा असतो. तुम्ही डाव्या जबड्याखाली जास्त पुळ्या येतात असे लिहिले आहे, तिथे भोवरा असण्याची शक्यता मला दाट वाटते.

दोन दिवस दाढी करू नका आणि मग बोटांची टोके मानेवरून चारही दिशांना फिरवून बघा. ज्या दिशेला बोट सुळकन घसरते ती सुलटी दिशा आणि जिथे अडते ती उलटी. आरशासमोर उभे राहून एका कागदावर मानेचे चित्र काढा आणि त्यावर बाण मारा. नवीन पोरगा शिकायला आला की मी त्याला पहिले दोन महिने हातात वस्तरा देत नाही, फक्त गिऱ्हाइकाच्या मानेवर बोट फिरवून दिशा सांगायला लावतो. मान ताणतानाही जपावे लागते. कातडी फार ओढून धरली तर केस वर येतो, कापला जातो आणि हात सोडताच कातडीच्या आत जाऊन बसतो. त्या क्षणाला मान फार गुळगुळीत लागते, आणि पुढे चार दिवसांनी तिथेच पुळी येते.

श्रावणानंतरच्या दाढीचे एकच सांगतो. त्या आठवड्यात आमच्याकडे रांग लागते आणि आम्ही प्रत्येकाचे केस आधी मशीनने बारीक करतो, मगच वस्तरा लावतो. तुम्ही ही पायरी गाळलीत.

धातुशास्त्र शिकवणारा (सांगली)

ब्लेड लवकर बदलण्याच्या सल्ल्याला एक आधार देतो. पोलाद केसापेक्षा सुमारे पन्नासपट कठीण असूनही ब्लेडची धार जाते, याचे कारण एमआयटी या अमेरिकेतील तंत्रज्ञान विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिले. धार सगळीकडे सारखी झिजत नाही. धारेवर जिथे पोलादाची अंतर्गत रचना असमान असते, तिथे केस कापला जाताना वाकला तर पोलादाचा सूक्ष्म टवका उडतो. म्हणजे डोळ्यांना नवीन दिसणारी धार प्रत्यक्षात दातेरी झालेली असू शकते आणि ती केस कापण्याऐवजी ओढते. पाण्यात मुरलेला केस मऊ होतो व कमी जोरात कापला जातो, म्हणून आधी भिजवण्याची दोन-तीन मिनिटे हा वेळेचा अपव्यय नाही.

दुसरा मुद्दा पाण्याचा. बोअरच्या जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी मिळून न विरघळणारा पांढरट साका तयार करतात. त्यामुळे फेस टिकत नाही, ब्रश चिकट होतो आणि ब्लेड व त्वचा यांच्यामध्ये जो ओला थर हवा तो राहत नाही. इथे महागडे क्रीम घेऊन फारसा फरक पडणार नाही, कारण तेही बहुधा साबणाचेच बनलेले असते. फेसासाठी आणि ब्रश भिजवण्यासाठी पिण्याच्या गोड्या पाण्याचा एक तांब्या बाजूला ठेवा, एवढे पुरेसे आहे. जतकडे काही घरांत मी पाणी उकळून, निवळून वापरताना पाहिले आहे. त्याने जडपणाचा काही भाग कमी होतो, सगळा जात नाही.

त्वचारोग विभाग (मिरज)

मान प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय निदान करणे योग्य नाही, म्हणून पुढचे लिखाण तपासणीच्या जागी धरू नये. तरीही तुमच्या मजकुरात एक महत्त्वाची खूण आहे आणि तिच्याविषयी मी विचारतो : श्रावणात, दाढी वाढलेली असताना, मान कशी होती? महिनाभरात पुळ्या ओसरल्या असतील, तर केस कातडीत उलटे शिरण्याचा प्रकार असण्याची शक्यता फार वाढते. वळणदार केस तिरका कापला गेला की त्याचे टोक सुईसारखे होते. ते वाढताना एक तर बाहेर येऊन पुन्हा कातडीत घुसते, नाहीतर बाहेर येण्याआधीच आतल्या आत रुतते. शरीर त्याला परकी वस्तू समजते आणि तिथे सूज येते. अनेक पात्यांच्या रेझरमध्ये एक पाते केस वर ओढते आणि पुढचे त्याला त्वचेच्या पातळीखाली कापते, त्यामुळे हा त्रास वाढतो. उलट्या हाताने दाढी केल्यावरही हेच घडते.

मात्र गाईंचा उल्लेख मी सोडून देणार नाही. जनावरांच्या अंगावर, विशेषतः वासरांच्या डोळ्यांभोवती आणि मानेवर, राखाडी खपल्यांचे गोल चट्टे असतील तर तो नायटा असू शकतो आणि धार काढणाऱ्याच्या दाढीत तो उतरतो. अशा वेळी गोल कड असलेला चट्टा किंवा सुजलेली गाठ दिसते आणि तिथले केस चिमटीत धरताच न दुखता निघून येतात. या दुखण्याला पोटातून औषध घ्यावे लागते, नुसते मलम पुरत नाही.

दुकानातून मिळालेल्या मलमाचा डबा किंवा नळी जपून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. लाली झटकन उतरणे आणि मलम थांबवताच दुप्पट येणे, या वर्णनावरून त्यात स्टिरॉइड, म्हणजे सूज आणि लाली दाबणारे औषध, असावे अशी मला दाट शंका आहे. स्टिरॉइडमुळे नायट्याचे रूप झाकले जाते, कातडी पातळ होते आणि चेहऱ्यावर नव्या पुळ्या येतात. माझ्या बाह्यरुग्ण विभागात दाढीच्या मूळ दुखण्यापेक्षा अशा मलमांनी बिघडवलेले चेहरेच अधिक येतात, आणि हे बघून मला दर वेळी वाईट वाटते, कारण त्यातले बहुतेक टाळता आले असते.

केस रुतल्याचेच निदान झाले, तर पहिला उपाय म्हणजे तीन-चार आठवडे रेझर पूर्ण बंद ठेवणे. कामामुळे दाढी लागतच असेल तर ट्रिमरने मिलिमीटरभर केस राखून कापावेत. कातडीबाहेर दिसणारा केसाचा फास स्वच्छ सुईने हलकेच मोकळा करावा, पण केस चिमट्याने उपटू नये, कारण नवा केस पुन्हा आतच वाढतो. मोटारसायकल चालवत असाल तर हेल्मेटचा पट्टा नेमका कुठे घासतो तेही पाहा. वारंवार मोठे फोड येत असतील तर एकदा रक्तातील साखर तपासावी.

विश्रामबागकर

डॉक्टरसाहेब, श्रावणाच्या तिसऱ्या आठवड्यात मान पूर्ण साफ झाली होती. माझ्या ते लक्षातही राहिले नव्हते, तुमचा प्रश्न वाचून आईला विचारले तेव्हा तिने सांगितले. गाई आणि वासरू पाहिले, त्यांच्या अंगावर चट्टे नाहीत. हेल्मेटचा पट्टा मात्र डाव्या जबड्याखालीच येतो. सोमवारी अर्धा दिवस रजा काढून तपासणीला जाणार आहे. तुरटीबद्दल सुभेदारकाका आणि आपण दोघांनी मिळून एकदा सांगावे.

त्वचारोग विभाग (मिरज)

तुरटी रक्त थांबवते आणि कातडी आक्रसते, तिचे जंतुरोधक गुणही थोडेफार आहेत. सुभेदारसाहेबांच्या धडधाकट त्वचेला ती मानवली आहे, त्यांनी ती सोडावी असे मी म्हणणार नाही. तुमच्या सुजलेल्या मानेला सध्या ती नको, कारण ती कोरडेपणा वाढवते. पुढे कधी वापरलीत तर ओल्या कातडीवर एकदा फिरवून मिनिटभराने धुऊन टाकावी आणि वर साधे, बिनवासाचे मॉइश्चरायझर लावावे.

कराडचे सलून

तुरटीचा विषय निघाला म्हणून माझ्या दुकानातली गोष्ट सांगतो. वस्तऱ्यात प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे अर्धे ब्लेड आम्ही वर्षानुवर्षे घालत होतो, पण तुरटीचा खडा मात्र एकच, सकाळपासून रात्रीपर्यंत सगळ्यांच्या गालावर फिरायचा. कापलेल्या जागेचे रक्त त्याला लागत होते, हे एका गिऱ्हाइकाने दाखवून दिले तेव्हा मला स्वतःची फार लाज वाटली. कावीळ-ब चे विषाणू वाळलेल्या रक्तात निदान सात दिवस जिवंत राहतात, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते. त्या दिवसापासून तुरटीचे पाणी बाटलीतून फवारतो, खडा कुणाच्या तोंडाला लावत नाही, आणि आम्ही घरातल्या व दुकानातल्या सगळ्यांनी त्या काविळीची लस तीन डोसांत घेतली. दादा, तुम्ही कोणत्याही दुकानात बसलात तरी ब्लेड आपल्यासमोर फोडायला सांगा आणि खड्याबद्दलही बोला. प्रामाणिक कारागीर त्याचा राग मानणार नाही.

निवृत्त सुभेदार (सातारा)

डॉक्टरसाहेबांचे म्हणणे मला मान्य आहे. माझा खडा मी एकटाच वापरतो, तरीही मुलाच्या आणि नातवाच्या हाती तो जाणार नाही याची काळजी आजपासून घेईन.

विश्रामबागकर

सहा आठवड्यांनी लिहितो आहे. तपासणीत केस रुतल्याचेच निदान झाले आणि मलमात स्टिरॉइड असल्याचे निघाले. शाखाधिकाऱ्यांना डॉक्टरांची चिठ्ठी दाखवल्यावर त्यांनी महिनाभर ट्रिमर वापरायला हरकत घेतली नाही. चौथ्या आठवड्यात मान निवळली. त्यानंतर सेफ्टी रेझर घेतला, गोड्या पाण्याचा तांब्या ठेवला आणि कागदावर बाण काढले. कराडच्या दादांचा अंदाज खरा निघाला : डाव्या जबड्याखाली भोवरा आहे आणि तिथले केस कानाकडे जातात. तिथे आता मी रेझर आडवा, कानाच्या दिशेने आणि एकदाच फिरवतो. सुरुवातीला हनुवटीवर दोनदा कापले, पण दाब सोडल्यावर ते थांबले. हेल्मेटच्या पट्ट्याला मऊ सुती कापड शिवून घेतले आहे.

दाढी पूर्वीइतकी गुळगुळीत होत नाही आणि दुपारनंतर हाताला खुंट लागतात. काउंटरवर आजवर कुणीही त्याबद्दल काही म्हटलेले नाही. भोवऱ्याच्या मध्यावर दोन पुळ्या अजून येतात, तेवढी जागा मी ट्रिमरनेच करतो.