जंगलात नेमके किती दिवस काढावेत? दांडेली, अणशी, भीमगड आणि बाकीचेही अनुभव सांगा

धागाकर्ता, बेळगाव

दिवाळी जवळ आली की पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांचे फोन सुरू होतात, बेळगावला येतोय तर दांडेली एका दिवसात उरकेल ना म्हणून. हा प्रश्न आपल्याकडं सगळ्यांनाच येतो आणि जो तो आपापलं उत्तर देतो, कुणी म्हणतं सकाळी जा रात्री परत या, कुणी म्हणतं चार दिवस पायजेत. म्हणून हा धागा. हॉटेलचे रेट नकोत, ते फोन केला की कळतात. कुठलं जंगल, कुठला महिना, बरोबर कोण होतं, किती राहिलात आणि तेवढं पुरलं का, एवढं लिहा. लांबलं तरी चालेल.

सुरुवात मी करतो. दांडेली म्हटलं की आता राफ्टिंग आणि स्विमिंग पूलवालं रिसॉर्ट डोळ्यासमोर येतं, मी त्याबद्दल बोलत नाहीये. दांडेली अभयारण्य आणि अणशी राष्ट्रीय उद्यान मिळून २००७ ला व्याघ्र प्रकल्प झाला, २०१५ ला त्याला काळी नदीचं नाव मिळालं, त्या जंगलाबद्दल बोलतोय. तिथं मी हिशोब पहाटांचा करतो. जनावरं हिंडतात ती उजाडताना आणि दिवस मावळताना. बहुतेक ठिकाणी खोली दुपारी मिळते आणि दुसऱ्या दिवशी नाश्ता झाला की सोडायची असते, म्हणजे कागदावर दोन दिवस एक रात्र लिहिलेलं असलं तरी तुमच्या हातात एक संध्याकाळ आणि एक पहाट. त्या पहाटे धुकं विरलं नाही किंवा पोरगं तापलं तर झालं, संपलं. दोन रात्री राहिलात तर दोन संध्याकाळी, दोन पहाटा आणि मध्ये एक अख्खा मोकळा दिवस. आणि सकाळी बेळगावातनं निघून संध्याकाळी घरी यायचं म्हणणारा माणूस जनावरं आडोशाला जायच्या वेळेला पोचतो आणि ती बाहेर पडायच्या वेळेला निघतो. त्यामुळं माझं उत्तर दोन रात्री, एकाच ठिकाणी. आता तुम्ही सांगा.

खानापूरकर

भीमगडचं मी सांगतो, आमच्या तालुक्यातलंच आहे. भीमगडला "किती दिवस" हा प्रश्न जरा वेगळा पडतोय. २०११ ला अभयारण्य जाहीर झालं, साधारण १९० चौरस किलोमीटर, आणि आत गावं आहेत, गवाळी, कोंगळा, पास्टोली, तिथल्या माणसांचं पावसाळ्यातलं जगणं काय असतं ते बघितल्याशिवाय कळायचं नाही. आतल्या भागात मनाला येईल तसं हिंडता येत नाही, वनखात्याची परवानगी लागते, किल्ल्यावर जायचं असलं तरी आधी विचारून घ्या. मग तीन-चार दिवस घेऊन येणाऱ्या माणसाला मी सांगतो की हेम्माडग्याच्या बाजूला एक रात्र करा आणि दुसरा दिवस जांबोटी-कणकुंबीला द्या. हब्बनहट्टीचा मारुती बघा नदीतला, कणकुंबीला माउलीचं दर्शन घ्या, मलप्रभा तिथंच उगम पावते. म्हादई पण आमच्याच जंगलातनं निघून पुढं गोव्यात मांडवी होते. एका दिवसात दोन नद्यांची सुरुवात कुठं होते ते कळतं, आणि पाण्यावरनं एवढी भांडणं चाललेली असताना हे जंगल का राखायला पायजे ते पण कळतं.

एक कळकळीनं सांगतो. बारापेडेच्या गुहा बघायच्यात म्हणून कुणी मुद्दाम एक दिवस वाढवू नका. तिथं जे वटवाघूळ आहे, रॉटनचं म्हणतात, १९१३ ला त्याची शास्त्रात नोंद झाली आणि कित्येक वर्षं जगात ते फक्त याच गुहेत सापडतंय असं मानलं जायचं, पुढं मेघालयात आणि कंबोडियात मिळालं. दिवसा ती झोपलेली असतात. टॉर्च मारत, आरडाओरडा करत दहा माणसं आत शिरली तर ती उठून उडतात, पिल्लं खाली पडतात. रील नाही झाली तर काही बिघडत नाही.

शहापूरची वहिनी

आम्ही मार्चमध्ये गेलो होतो दांडेलीजवळ कुळगीला, वनखात्याच्या कॅम्पवर, सासूबाई, दोन मुलं आणि आम्ही दोघं. दोन रात्री. धागाकर्त्या दादांचं पटतंय पण मला त्या मधल्या मोकळ्या दिवसाबद्दलच जास्त सांगायचंय.

सफारीत आम्हाला गवे दिसले, सांबर दिसलं, बाकी झाडंच झाडं. मुलं जीपमध्ये कंटाळली, खरं सांगायचं तर वाघ-बिबट्या दिसेल ही आशा लावूनच मुलांना नेऊ नये, इथलं जंगल एवढं दाट आहे की वीस फुटांवर जनावर उभं असलं तरी दिसणार नाही. सासूबाईंची कंबर जीपच्या धक्क्यांनी धरली म्हणून दुसऱ्या दिवशी त्या गेल्याच नाहीत आणि मी पण त्यांच्याबरोबर थांबले. तिथल्या एका गार्डनं सांगितलं की जवळच एका झाडात धनेशाचं घरटं आहे, लांबनं बघा, बोलू नका.

धनेशाची मादी ढोलीत आत बसते आणि ढोलीचं तोंड लिंपून घेते, एवढीशी फट ठेवते. आत अंडी, मग पिल्लं, आणि तेवढे दिवस तिला खायला आणायचं काम नराचं. आम्ही बसलो होतो तेव्हा तो आला, आधी बाजूच्या फांदीवर बसून बराच वेळ इकडं तिकडं बघितलं, मग ढोलीच्या तोंडाशी खोडाला चिकटला. चोचीत काही दिसत नव्हतं. मला वाटलं रिकामाच आलाय. तर त्यानं मान वर झटकली आणि घशातनं एक उंबर काढून चोचीच्या टोकावर आणलं, फटीत दिलं, आतनं नुसतं चोचीचं टोक दिसलं आणि उंबर गेलं. परत मान झटकली, दुसरं उंबर. असं किती वेळ चाललं होतं, एकेक करून. सासूबाई हात जोडून बसल्या होत्या. मुलं दुपारी जेवून झाल्यावर आली आणि हलायला तयार नव्हती, जी मुलं जीपमध्ये "घरी कधी जायचं" म्हणत होती तीच.

हे एका रात्रीच्या ट्रिपमध्ये झालं नसतं कारण तेव्हा आपण वेळापत्रकाच्या मागं पळत असतो. म्हणून म्हातारी माणसं आणि मुलं असतील तर दोन रात्री, आणि सफारी एकच. तिसरी रात्र नको, मुलांचे कपडे, औषधं, जेवण, सगळ्याचीच ओढाताण होते. धनेशासाठी जायचं तर फेब्रुवारी ते मे, आणि घरट्यापासून लांब बसायचं, नर बिचकला तर खायला न देताच परत जातो.

कॉलेजकुमार, चिक्कोडी

मी थोडं वेगळं लिहितो. सगळे दोन रात्री म्हणतायत पण आम्हा मुलांना ते परवडत नाही, कॅम्पची एक रात्र म्हणजे आमचा महिन्याचा मेसचा खर्च. आम्ही मित्र बाइकवर पहाटे अंधारातच निघालो, दांडेलीच्या लाकूड डेपोत धनेश बघितले, सिंथेरी रॉक्सला गेलो, तो एवढा मोठा कातळ आणि खाली कानेरी नदी, मधमाश्यांची पोळी लटकलेली, आणि उजेड असतानाच परतीला लागलो. ज्याला एकच दिवस आहे त्यानं पण जावं. फक्त एका दिवसात पाच पॉइंट करू नका, दोन करा. आणि बाइकवाल्यांनो, जंगलातनं जाणाऱ्या रस्त्यावर सायलेन्सर फाडू नका, हॉर्न मारू नका, माकडांना कुरकुरे टाकू नका.

धागाकर्ता, बेळगाव

बघ गा, तुझं बरोबर आहे, पैशाचा भाग मी लिहायला पायजे होता. तुझ्यासारख्यांना एक सुचवतो, दांडेली गावात साध्या लॉजवर एक रात्र काढली तरी पहाट हाताला लागते, कॅम्पमध्येच राहायला पायजे असं नाही. डेपोतले धनेश सकाळी लवकरच चांगले दिसतात.

निपाणीचे मास्तर

लई जणांचा घोळ इथंच हुतोय, सगळी जंगलं एकाच मापानं मोजत्यात. आमाला निपाणीसनं दाजीपूर जवळ. राधानगरी अभयारण्य, १९५८ सालचं, महाराष्ट्रातलं पयलं. गवा बघायचा तर तिथं एक मुक्काम बास झाला, संध्याकाळी हसणे-दाजीपूरच्या अंगाला ऱ्हायचं, सकाळी लवकर जीप करून सावराई सड्यापर्यंत जायचं, दुपारला घरी. पावसाळ्यात बंद असतंय.

पण वाघच बघायचा म्हणत असशीला तर सह्याद्रीत दिवस वाढवून उपयोग न्हाई, जागा बदला. आम्ही मास्तर मंडळी ताडोब्याला गेल्तो, कोल्हापुरातनं नागपूरची गाडी धरून. तिथं साग अन् बांबूचं रान, उन्हाळ्यात पानं झडत्यात, पाण्यावर जनावर येतंय, लांबपर्यंत नजर जाते. जायला एक दिस, यायला एक दिस जातोय, म्हणून तिथं एका सफारीसाठी जाणं म्हणजे भाकरीपेक्षा तव्याचाच खर्च जास्त. तीन रात्री काढा, चार-पाच सफाऱ्या हुत्यात. मंगळवारी बंद असतंय त्ये बघून तारखा धरा, न्हाईतर एक अख्खा दिस खोलीत बसून जायचा. अन् कोअर, म्हंजे आतलं मुख्य रान, जुलै ते सप्टेंबर बंद.

हिंडलग्याचा पक्षीवाला

पक्ष्यांसाठी जाणाऱ्यांनी दांडेलीजवळचं गणेशगुडी धरावं. तिथं मी दिवस कमी करत नाही, चार पहाटा लागतातच. पहिल्या दिवशी कान शहरातलेच असतात, सगळा एकच गोंगाट ऐकू येतो. दुसऱ्या दिवशी त्यातनं कर्ण्याची, म्हणजे मलबार ट्रोगनची, शीळ वेगळी काढता येते, तिसऱ्या दिवशी तो कुठल्या उंचीवर बसलाय त्याचा अंदाज यायला लागतो. कर्णा एकदा बसला की हलत नाही, पोट लालभडक असूनसुद्धा पाठ केली की सापडत नाही. निळ्या कानाचा खंड्या नदीकाठच्या सावलीत असतो, त्याच्यासाठी सकाळभर एका जागी बसायची तयारी पाहिजे. माझ्या बघण्यात जे लोक पक्ष्यांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यांसमोर दोन तास बसून फोटो काढून गेले, त्यांचे फोटो चांगले आले. पण जंगल बघायचं असेल तर एकाच पायवाटेवर रोज सकाळी जा, तीच वाट, तेच झाड. उंबर पिकलेला असला की त्या एका झाडावर जे येऊन जातं ते बघायलाच एक दिवस पुरत नाही.

जोयड्याहून

आम्ही इथलेच. तुम्ही लोक किती दिवस ऱ्हावं म्हणून विचारता ते वाचून बरं वाटलं, कारण जास्त करून गाड्या येतात, नदीत उतरतात, बाटल्या टाकून संध्याकाळच्या आत जातात.

माझं म्हणणं एवढंच की एक रात्र तरी गावातल्या घरात काढा. आता कुणब्यांच्या घरांत होमस्टे झालेत, थंडीत आलात तर कंद खायला मिळतील, मुडली कापून तव्यावर परतलेली, भाताबरोबर. सुपा धरणाचं पाणी बघून फोटो काढता, त्याच्या खाली आमच्या माणसांची गावं, शेतं, देवळं आहेत. उठवलेली किती तरी घरं रामनगरला गेली. हे रात्री जेवण झाल्यावर अंगणात बसलात तर कुणीतरी सांगेल, सफारीच्या जीपमध्ये कोण सांगणार. मोबाइलला रेंज नसते बहुतेक वाड्यांवर, घरी तसं सांगून या.

आणि तब्येतीचं. डिसेंबरपासून पाऊस लागेपर्यंत पायात पूर्ण पँट, मोजे घालून फिरा, पानांच्या ढिगावर बसू नका, परत आल्यावर अंगावर गोचीड आहे का बघा, गरम पाण्यानं आंघोळ करा. माकडताप आमच्या कारवार जिल्ह्यात होतो, तो गोचिडांमुळं. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, वनखात्याला कळवा. जंगलातनं जाऊन आठवडा-दीड आठवड्यात जोराचा ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेलो होतो हे सांगायचंच.

निवृत्त बँकवाले, टिळकवाडी

आम्ही दोघं काबिनीला गेलो, एप्रिल अखेर. बेळगावातनं मैसूरची रेल्वे, पुढं गाडी. सगळं धरून खर्च बराच आला म्हणून बरोबरची मंडळी एक रात्र म्हणत होती, मी दोन रात्रींवर अडून बसलो आणि त्याचा आनंद आहे. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं सरतं, उघड्या पडलेल्या जमिनीवर हिरवं गवत येतं आणि नागरहोळे-बंडीपूरच्या दोन्ही अंगांनी हत्ती खाली उतरतात. पहिल्या संध्याकाळी वळीव आला आणि सगळं ओलंचिंब, काही दिसलं नाही. दुसऱ्या संध्याकाळी बोटीतनं एक कळप बघितला, पिल्लू मधोमध, चारी बाजूंनी हत्तिणी, एक म्हातारी हत्तीण गवत सोंडेनं उपटून पायावर आपटून माती झाडायची आणि मगच तोंडात घालायची. पत्नी अजून त्या हत्तिणीबद्दल बोलते. ज्या जंगलाला पोचायलाच दिवस जातो तिथं एक रात्र करू नये असं माझं ठाम मत. पुढं बंडीपूरमार्गे जाणार असाल तर रात्री ९ ते सकाळी ६ जंगलातला रस्ता बंद असतो, त्या हिशोबानं निघा. आणि कुठंही जायच्या आधी सफारी चालू आहे का ते फोन करून विचाराच, मधेच बंद ठेवतात.

कारवारहून

अणशीचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितेय. आमच्याकडनं कद्रा करून घाट चढला की अणशी, त्यामुळं आम्ही दिवसभरासाठीच जातो आणि जवळच्यांना ते पुरतं. लांबनं येणाऱ्यांनी दांडेलीच्या दोन रात्रींना अणशीची एक जोडावी, रान पूर्ण वेगळं आहे, सदाहरित, खाली ऊन पडत नाही. नोव्हेंबर-डिसेंबर चांगला. पावसात जळवा असतात, त्यांचं एवढं काही नाही, पण घाटात दरड येते आणि रस्ता बंद झाला की हुबळी-यल्लापूरकडनं फिरून यावं लागतं, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये येणार असाल तर हातात एक दिवस जादा ठेवा आणि परतीचं तिकीट त्याच्या पुढचं काढा.