ग्रुपवर टाकलं म्हणजे पोचलं असं नाही

"रोजचा अभ्यास व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला की पालकांना वेगळं काही सांगायची गरज उरत नाही," हे वर दोघा-तिघांनी लिहिलंय. शहरात असेलही तसं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीला शिकवते. माझ्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त घरांत फोन एकच, आणि तो सकाळी वडिलांच्या खिशातून कामावर जातो. रात्री परत येतो तोवर पोर झोपलेलं असतं. वर दोनशे 'शुभ सकाळ'च्या खाली माझा निरोप गाडलेला!

दोन वर्षांपूर्वी मी लिहिणं सोडलं आणि संध्याकाळी सातच्या सुमारास अर्ध्या मिनिटाचा आवाजी निरोप पाठवायला लागले. "आज हातच्याची वजाबाकी झाली. ५२ रुपयांतले २७ खर्च केले तर किती उरले, एवढंच विचारा." वाचता न येणाऱ्या आया-आज्याही ऐकतात. एका आजीने तर दुसऱ्या दिवशी फाटकाशी गाठून सुनावलं, "बाई, पोरगं पस्तीस म्हणतंय की वं!" हातचा विसरला होता, दुसरं काय. तो घोटाळा मला वही तपासून आठवड्याने कळला असता.

आणि शाळा व्यवस्थापन समितीचा विषय कुणीच काढला नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार तिचे तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला. आमच्याकडे सहल, स्नेहसंमेलन, पोषण आहार यांच्या बातम्या वस्तीवर पोचवतात त्या याच बाया, गिरणीवर दळणाच्या रांगेत.