मिनी पेलिया म्हणून घेतलेलं हे नक्की काय आहे आणि वाढवायचं कसं?

पाणकाठी

नमस्कार मंडळी, एक ओळख पटवायची आहे आणि त्यालाच जोडून दोन प्रश्न. मिनी पेलिया या नावाने अक्वेरियममधल्या पाणवनस्पतीचा एक छोटासा पुंजका घेतला होता, ड्रिफ्टवुडवर बांधला, त्याला आता बरेच महिने झाले, मरत नाहीये पण वाढतोय म्हणावं तर तेही नाही, होता त्यापेक्षा किंचित मोठा झालाय इतकंच. रंग एकदम गडद हिरवा, पानं अशी नाहीतच, नुसत्या चपट्या बारीक फांद्या आणि त्या फांद्यांना परत फांद्या, आणि लाकडाला असा चिकटलाय की दोरा काढला तरी सुटत नाही. नेटवर शोधलं तर याच नावाखाली तीन-चार वेगळ्याच गोष्टी दिसतात, कुठे रुंद पट्ट्या, कुठे पारदर्शक फिती, कुणी म्हणतं हा रिक्सियाच, फक्त बुडलेला.

टँक: पाणी २६ अंशाच्या आसपास, मऊ आहे, लाइट मध्यम, रोज ८ तास, सीओटू नाही पण लिक्विड कार्बन रोज टाकते, मासे छोटे आणि थोडे श्रिम्प. काही ठिकाणी टोकं पांढरी पडलीत. तर हे नक्की काय आहे, आणि यापासून अजून दोन-तीन लाकडं भरायची तर केवढे तुकडे करायचे? आणि मातीत खोचायच्या खताच्या गोळ्या याला चालतात का?

भिंगातून

पाणकाठी, आधी ते विकतानाचं नाव बाजूला ठेवा, या गटात नावांचा इतका घोळ आहे की नावावरून काहीच कळत नाही. झाडाकडे बघूनच ठरवावं लागतं आणि सुदैवाने चार गोष्टी बघितल्या की बरंच नक्की होतं.

अक्वेरियममध्ये ‘पेलिया’ म्हणून जे वर्षानुवर्षं फिरतंय ते पेलिया नाहीच, ते मोनोसोलेनियम टेनेरम. खरी पेलिया थंड ओल्या काठांवर वाढणारी, आपल्या कोमट टँकमध्ये ती टिकत नाही. मोनोसोलेनियम चांगलं रुंद असतं, पट्टी अर्धा सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त, जड असल्यामुळे तळाला बसतं, हात लावला की तुकडे पडतात आणि लाकडाला नीट धरत नाही. तुमचं वर्णन त्याच्या अगदी उलट आहे.

रिक्सिया फ्लुइटन्स तर मुळात तरंगणारा. त्याच्या फांद्या दर वेळी दोनात फुटत जातात, वाय अक्षरासारख्या, रंग उजळ पोपटी, आणि पाण्याखाली ठेवायचा तर बांधूनच ठेवावा लागतो. जपानी अक्वेरियम सजावटकार ताकाशी अमानोंच्या टँकमधली दगडावर बांधलेली, बुडबुड्यांनी चमकणारी हिरवळ म्हणजे तोच. दोरा सुटला की वर येतो. तुमचं दोरा काढूनही जागेवर आहे म्हणजे तो प्रश्न मिटला.

पारदर्शक फिती बघितल्यात तो सुसवासरटँग, आणि तो लिव्हरवर्टच नाही (लिव्हरवर्ट म्हणजे मॉसच्या नात्यातल्या, खरी मुळं नसलेल्या साध्या वनस्पती). बरीच वर्षं लोक त्याला लिव्हरवर्ट समजत होते, २००९ मध्ये डीएनए तपासून छापून आलं की हा लोमॅरिऑप्सिस या नेच्याचा गॅमेटोफाइट आहे, म्हणजे नेच्याची ती छोटी अवस्था जी एरवी लवकर संपते, ती इथे कायमची तशीच वाढत राहते. त्याची पट्टी एकाच पेशीच्या जाडीची असते म्हणून उजेडासमोर धरली की आरपार दिसतं.

माझा अंदाज तुमचं रिकार्डिया आहे, बारीक फांद्यांचं एक लिव्हरवर्ट. हे करून बघा: एक फांदी कापा, पांढऱ्या बशीत थोड्या पाण्यात ठेवा, स्केल लावून रुंदी बघा, मग दहापट भिंगातून मध्ये शीर दिसते का, वर छिद्रं किंवा वाट्या दिसतात का ते बघा. मार्केंशिया या दुसऱ्या लिव्हरवर्टवर असतात तसल्या गोल वाट्या किंवा लुन्युलारिया या अजून एकावरच्या चंद्रकोरीसारख्या वाट्या रिकार्डियावर कधीच नसतात.

थेंबथेंब

ओळख भिंगातून ताई करतायत ती होईलच, तोवर एक काम आजच करा, लिक्विड कार्बन बंद करा. बहुतेक बाटल्यांमध्ये ग्लुटराल्डिहाइड किंवा त्याच्यासारखंच काहीतरी असतं, ते मुळात जंतू मारायला वापरतात. लिव्हरवर्टच्या अंगावर जाड पानासारखं मेणाचं आवरण जवळजवळ नसतं, पेशी सरळ पाण्यात उघड्या, त्यामुळे मोठ्या झाडांना जो डोस चालतो तो यांना भाजतो. पांढरी टोकं मला तरी त्याचीच वाटतात. आणि टोकं गेली म्हणजे वाढ गेली, कारण या झाडाची वाढ टोकाच्या पेशीपासूनच होते, मधून कुठून लांबत नाही. महिनोन् महिने तेवढंच राहिलंय याचं उत्तर बहुतेक इथेच आहे.

तांब्याचं औषधही या टँकमध्ये कधी नको, अल्गी मारायची असो की गोगलगायी. श्रिम्प आहेत म्हणजे तुम्ही तसंही टाकत नसाल.

खताच्या गोळ्यांचा उपयोग नाही. याला मुळं नसतात, मूलाभ असतात, एकेका पेशीचे केस म्हणा, त्यांचं मुख्य काम पकडून ठेवणं. खाणंपिणं सगळं अंगातून, म्हणून खत द्यायचं तर पाण्यात मिसळणारं आणि तेही पातळ. २६ अंश चालतं पण २० ते २५ मध्ये जास्त खुश असतं. लाइट वाढवायच्या भानगडीत पडू नका, वाढ आधीच हळू, त्यात लाइट वाढवला की केसाळ अल्गी याच्या फांद्यांत घुसते आणि मग ती काढताना झाडच निघून येतं. त्यापेक्षा ६-७ तास करा.

पाणकाठी

दोघांनाही मनापासून धन्यवाद, लिक्विड कार्बन आज टाकलंच नाही. फांदी कापून बघितली. रुंदी १ मिलिमीटरच्या आतच भरते, बुंध्याकडे थोडी जास्त. मध्ये शीर दिसत नाही, वाट्या नाहीत, छिद्रं नाहीत, फांद्या दोनात फुटण्यापेक्षा मधल्या देठाच्या दोन्ही बाजूंनी निघाल्यासारख्या, आणि उजेडासमोर धरलं तर आरपार अजिबात दिसत नाही, जाडसर वाटतं. खालच्या बाजूला बारीक केसांचा झुपका आहे, लाकडाची धूळ पण त्यात अडकलीय. ताई, म्हणजे रिकार्डिया नक्की का? विकताना कुठे कॅमेड्रिफोलिया लिहितात कुठे ग्रेफी, त्यातलं कुठलं?

भिंगातून

वा, छान बघितलंत. शीर नाही, जाडी अनेक पेशींची, फांद्या बाजूंनी, खाली मूलाभ, रुंदी मिलिमीटरच्या आत, हे सगळं रिकार्डियाकडेच जातं. कुठे मायक्रोस्कोप मिळाला तर अजून एक बघा: ताजी फांदी, ताजीच हवी, ४०० पट मोठी करून. पेशीत हिरव्या कणांशिवाय दाणेदार तपकिरी गोळे दिसतील, ते तैलपिंड, म्हणजे पेशीतले तेलकट पदार्थाचे पिंड. असे आवरण असलेले तैलपिंड फक्त लिव्हरवर्टमध्ये असतात, मॉसमध्ये नाही, नेच्यात नाही, त्यामुळे ते दिसले की सुसवासरटँगची शंका कायमची संपते. वाळलेल्या नमुन्यात मात्र ते विरून जातात म्हणून सुकवून ठेवून नंतर बघण्यात अर्थ नाही.

जातीचं मात्र मी फोटोवरून किंवा वर्णनावरून सांगणार नाही आणि इतर कुणी सांगितलं तरी लगेच धरू नका. रिकार्डियाच्या जाती वेगळ्या करायला फांदीचा आडवा छेद, कडेला एकाच थराची पारदर्शक किनार आहे का आणि किती पेशींची, एका पेशीत तैलपिंड किती, आणि नर-मादी अवयव एकाच झाडावर की वेगळ्या, एवढं सगळं लागतं. कॅमेड्रिफोलियामध्ये दोन्ही एकाच झाडावर असतात आणि किनार ठळक नसते, मल्टिफिडामध्ये ती रुंद आणि स्पष्ट. पाण्याखाली वाढलेलं झाड त्यात अजून गोंधळ घालतं, फांद्या लांब बारीक होतात, रूप बदलतं. लेबलवर ‘रिकार्डिया, जात ठरलेली नाही’ असं लिहिलंत तर ते सगळ्यात खरं नाव. पुढे कुणाला तुकडा दिलात तर त्याच नावाने द्या, घोळ असाच कमी होतो.

ओलाकोपरा

वाढवायचं म्हणताय तर माझं मत, पाण्याबाहेर वाढवा. शाळेत ब्रायोफायटांना, म्हणजे मॉस-लिव्हरवर्टच्या गटाला, वनस्पतीसृष्टीचे उभयचर म्हणून शिकवतात ना, ते इथे सरळ कामाला येतं. हवेतला सीओटू याला पाण्यातल्यापेक्षा खूप सहज मिळतो आणि केसाळ अल्गीचा त्रास जवळपास नाही.

झाकणाचा पारदर्शक डबा घ्या, तळाला अगदी थोडं पाणी, त्यात खरबरीत दगड किंवा पूर्ण भिजलेलं लाकूड असं ठेवा की वरचा भाग पाण्याबाहेर राहील. झाडाचा थोडा भाग कात्रीने २-३ मिलिमीटरचे तुकडे होतील असा कापा, लगदा करू नका, आणि ब्रशने पातळ पसरा, तुकड्यांमध्ये जागा सुटली पाहिजे. पावसाचं किंवा आरओचं पाणी फवारा कारण नळाच्या पाण्यातले क्षार वाळून वर पांढरा थर बसतो. ऊन थेट नको, डबा तापतो आणि आतलं सगळं शिजतं. रोज थोडा वेळ झाकण उघडायचं, बुरशी धरली तर तेवढा भाग लगेच काढून टाकायचा.

टोक नसलेले तुकडेही फुटतात, काळजी करू नका. हेर्मान फ्योख्टिंग यांनी १८८५ मध्येच मार्केंशियाच्या गटात दाखवलं होतं की तुकडा कुठलाही घ्या, त्यातून नवं झाड उठतं. फक्त टोकवाला तुकडा लगेच पुढे जातो आणि बिनटोकाच्याला आधी नवीन टोक तयार करावं लागतं म्हणून तो मागे राहतो. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत अर्धे तुकडे नुसते पडून दिसले तरी फेकू नका. दगड सगळा हिरवा झाला की मग टँकमध्ये.

थेंबथेंब

ओलाकोपरा दादा, पद्धत चांगलीच आहे पण पाणकाठींकडे पुंजका एकच आहे, सगळा डब्यात घालावा असं मला वाटत नाही, एकदा बुरशी पसरली की दोन दिवसांत काही उरत नाही. आणि पाण्याबाहेरचं परत पाण्यात घातलं की जुना भाग बऱ्याचदा तपकिरी पडतो, नवीन फांद्या येईपर्यंत थांबावं लागतं.

मी तर पाण्याखालीच करायला सांगेन. मूळ पुंजक्याला तसाच ठेवा, त्याच्या कडेच्या हिरव्यागार टोकांच्या छोट्या काड्या घ्या, आणि नवीन लाकडावर जेल सुपरग्लूचा टाचणीच्या डोक्याएवढा थेंब लावून त्यात काडीचा बुंधा टेकवा, टोक ग्लूच्या बाहेर राहिलं पाहिजे, ग्लूखाली गेलेला भाग मरतोच. दोऱ्याने बांधायचं तर सुती दोरा नको, हे झाड इतकं हळू पकडतं की त्याआधीच दोरा कुजतो, बारीक नायलॉन घ्या. गुळगुळीत दगड टाळा, लाव्हा रॉक किंवा खडबडीत लाकूड उत्तम. एकावर एक ढीग लावू नका, खालच्या थराला उजेड मिळत नाही, तो कुजतो आणि वरचं सगळं गादीसारखं एकदम सुटून येतं. याच कारणासाठी जाड झालेला पुंजकाही वरून छाटत राहायचा, छाटलेलं नवीन लाकडाला.

छाटताना फिल्टर बंद ठेवा आणि तुकडे जाळीने गोळा करा, नाहीतर फिल्टरच्या स्पंजमध्ये जातात. मधून मधून पिपेटने फांद्यांवरचा गाळ हलक्या हाताने उडवा. श्रिम्प आहेत ते राहू द्या, ते झाड खात नाहीत, मधली घाण साफ करतात.

ओलाकोपरा

मान्य, एकच पुंजका असेल तर सगळा डब्यात घालू नये. थोडाच भाग डब्यात आणि थोडा लाकडावर, असं करा. डब्याचा अजून एक फायदा म्हणजे फळ धरलं तर तिथेच धरेल, पारदर्शक नाजूक दांडीवर छोटी गडद बोंडं, पिकली की चार पाकळ्यांत उकलतात आणि दांडी लगेच कोलमडते. दिसलं तर भिंगातून ताईंना फोटो पाठवा, जात ठरवायला त्याआधीचे नर-मादी अवयव दिसणं फार कामाचं.

भिंगातून

हो नक्की पाठवा, आणि फांद्यांच्या टोकांचेही पाठवा. रिकार्डियाला वाट्या नसल्या तरी काही जातींत टोकाच्या पेशींच्या आतच दोन-दोन पेशींच्या जेमा (ज्यांपासून नवं झाड होतं असे बारीक कण) तयार होतात आणि बाहेर पडून वाढतात. टोक फिकट, दाणेदार दिसायला लागलं तर ते लिक्विड कार्बनने भाजल्याचं आहे की जेमा आहेत हे भिंगातून कळणार नाही, मायक्रोस्कोपच लागेल, म्हणून तसं टोक छाटून टाकायच्या आधी एक नमुना पाण्याच्या थेंबात काचेवर ठेवून बघून घ्या.

पाणकाठी

ठरलं मग, मूळ पुंजका जागेवर, कडेच्या काड्या लाव्हा रॉकवर आणि थोडेसे तुकडे डब्यात. लाइट ७ तासांवर आणलाय. पांढरी टोकं अजून छाटलेली नाहीत, ओळखीतल्या एका कॉलेजच्या मॅडमकडे मायक्रोस्कोप आहे, रविवारी ताजी फांदी पाण्यातच घेऊन जाते. तैलपिंडांचा फोटो मिळाला तर इथेच टाकते.