श्रीहरिकोट्याला उड्डाण पाहायला जायचंय, परतीचं तिकीट कधीचं काढू?

बार्शीची_ऋतू
नमस्कार. मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय भौतिकशास्त्र. श्रीहरिकोट्याच्या प्रेक्षक गॅलरीतून एकदा तरी इस्रोचं पीएसएलव्ही रॉकेट उडताना पाहायचं आहे. पुढच्या उड्डाणाची नोंदणी सुरू झाली की मी आणि माझी मैत्रीण नावं घालणार आहोत. सोलापूरहून चेन्नईची गाडी, दुसऱ्या दिवशी उड्डाण, त्याच रात्री परत, असं ठरवलंय. आई म्हणते, टीव्हीवर रॉकेट जवळून दिसतं, तिथं एवढ्या लांबून काय दिसणार? तिला काय सांगावं कळत नाही. कुणी जाऊन आलंय का?

माळरान
ऋतू, त्याच रात्रीचं परतीचं तिकीट काढू नकोस. ही चूक मी केली आहे.

जुलै 2019. मी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होतो. गॅलरी सामान्य लोकांसाठी त्याच वर्षी उघडली होती, आणि चांद्रयान-2 चं उड्डाण 15 तारखेला पहाटे 2 वाजून 51 मिनिटांनी होतं. रात्रभर जागे राहिलो. पडद्यावर उलटी गणती चालू होती, पोरं गाणी म्हणत होती. 56 मिनिटं 24 सेकंद उरले असताना आकडे थांबले. आधी वाटलं पडदाच बिघडला. मग घोषणा झाली: तांत्रिक अडचण, आजचं उड्डाण रद्द. राष्ट्रपतीही त्या रात्री श्रीहरिकोट्यात होते. आमचं तिकीट 15 च्या संध्याकाळचं, खिशात जेमतेम जेवणापुरते पैसे. आलो परत. 22 जुलैला दुपारी 2 वाजून 43 मिनिटांनी ते यान उडालं तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत मित्राच्या मोबाइलवर पाहत होतो. आनंद झाला, पण घशात काहीतरी अडकलं होतं.

थांबवलं याचा राग मात्र मला कधीच आला नाही. पीएसएलव्हीचा पहिला टप्पा घन इंधनाचा असतो, चांद्रयान-2 नेणाऱ्या एलव्हीएम-3 रॉकेटच्या बाजूचे दोन मोठे बूस्टरही घन इंधनाचेच. ते एकदा पेटलं की विझवता येत नाही. म्हणून शंका घ्यायची ती आधीच. डिसेंबर 2024 मध्ये प्रोबा-3 चं उड्डाणही एक दिवस पुढं गेलं होतं. हातात किमान दोन दिवस जादा ठेव, जमलं तर तीन.

आता आईच्या प्रश्नाचं. 2 सप्टेंबर 2023 ला मी परत गेलो, सूर्याचा अभ्यास करणाऱ्या आदित्य-एल1 यानासाठी. तेव्हा पुण्यात एमएस्सी करत होतो आणि त्या यानावरची ‘सूट’ नावाची अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत घडलेली. आपल्या गावातून निघालेलं काहीतरी 15 लाख किलोमीटरवर जाणार, ते निघताना समोर नसावं हे मला पटेना.

सकाळी 11 वाजून 50 मिनिटं. झाडांच्या रेषेवर पिवळा उजेड दिसला, वेल्डिंगच्या ठिणगीकडं पाहवत नाही तसा. आणि आवाज नाही. अजिबात नाही. 44 मीटर उंचीचं, तीनशे टनांहून जड काहीतरी जमिनीवरून उठतंय आणि आजूबाजूला फक्त माणसांचा ओरडा. मी मनात आकडे मोजत होतो. सोळाला आवाज पोचला. सेकंदाला 340 मीटर धर, म्हणजे साधारण साडेपाच किलोमीटर. अकरावीत शिकलेलं गणित अंगावर येऊन आदळलं. आमच्याकडं ज्वारीच्या मळणीयंत्राला खेटून उभं राहिलं की जे छातीत जाणवतं, ते. आणि त्यात मोठी ताडपत्री टराटरा फाडावी तसा कडकडाट. दहा सेकंदांनी बाजूच्या सहा बूस्टरांपैकी उरलेले दोन हवेतच पेटले, पण आवाजानं मी असा भारावलो होतो की ते लक्षात राहिलं नाही. शेजारच्या आजोबांनी माझा हात धरला होता. ते तेलुगूत बोलत होते, मी मराठीत.

टीव्हीवर उजेड आणि आवाज एकदम येतात. ते सोळा सेकंद तिथंच मिळतात. आईला एवढंच सांग.

उड्डाण झाल्यावर लगेच उठू नका. यान रॉकेटपासून वेगळं झालं ते 63 मिनिटांनी, आणि त्या टाळ्या वेगळ्या होत्या.

पहाटतारा
नोंदणी मोफत असते, पण गाजलेल्या मोहिमेच्या जागा बघता बघता संपतात. माहिती आधीच लिहून ठेवा. फोटोचं मूळ ओळखपत्र बरोबर हवंच.

माहेर_सांगली
अगं ऋतू, मी चेन्नईत एकवीस वर्षं आहे. मुक्काम चेन्नईत करा. उड्डाणाच्या वेळी श्रीहरिकोट्याजवळच्या सुळ्ळूरपेटातल्या लॉजवर खोली मिळणं कठीण. सेंट्रलच्या शेजारी मूर मार्केटचं लोकल स्थानक आहे, तिथून सुळ्ळूरपेटाची गाडी धरा, दोन-अडीच तास लागतात. पुढं 18-20 किलोमीटर रिक्षानं. तो रस्ता पुलिकत सरोवरातून जातो, दोन्ही बाजूंना पाणी. थंडीत गेलात तर भिगवणला दिसतात तेच रोहित पक्षी तिथं शेकड्यांनी उभे असतात. टोपी आणि पाणी विसरू नका, दमट ऊन फार लागतं. आणि पास नाहीच मिळाला तर रडू नको. आकाश स्वच्छ असेल तर रात्रीचं उड्डाण आमच्या गच्चीवरूनही दिसतं. आवाज नाही येत, एवढंच.

बार्शीची_ऋतू
दादा, काकू, मनापासून आभार. आईला सोळा सेकंदांचं वाचून दाखवलं. ती भाकरी थापता थापता थांबली. म्हणाली, परतीचं तिकीट तिसऱ्या दिवसानंतरचं काढ, आणि माझंही काढ.