काळा घोडा महोत्सव: पुण्याहून सहा जण, कमी खर्चात कसं जमवावं? (मदत हवी आहे)

गणेशखिंडकर

नमस्कार मंडळी. पुण्यात विद्यापीठात एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्हा सहा जणांना यंदा पुन्हा मुंबईला, फोर्टातल्या काळा घोडा कला महोत्सवाला जायचंय. गाडी कुठली, वार कुठला, खायचं कुठे हे तर विचारायचंच आहे, पण खरी अडचण वेगळी आहे. म्हणून जरा पाल्हाळ लावतो.

गेल्या वर्षी 'प्रवेश फुकट आहे, चला' एवढ्यावरच निघालो. पहाटे सिंहगड एक्सप्रेस पकडली, तिथपर्यंत सगळं स्वस्तात. दुपारी ऊन लागायला लागलं म्हणून एका एसी कॅफेत शिरलो. बिल सहांत भागलं, माणशी ७४०. आमच्यातल्या एकाने फक्त लिंबू सरबत घेतलं होतं, त्यानेही गुपचूप ७४० दिले. संध्याकाळी क्रॉस मैदानावर नाच सुरू झाला आणि कुणाचा पाय निघेना. परतीची सिंहगड पावणेसहाच्या सुमाराची, ती अर्थातच गेली. मग दोन टॅक्स्या करून दादर, दादरहून एसटीची शिवनेरी बस. फुकटचा महोत्सव माणशी दीड हजाराच्या वर गेला.

सरबतवाला मित्र परभणीकडचा आहे. विद्यापीठाच्या 'कमवा व शिका' योजनेत काम करतो. तेव्हा एका शब्दाने बोलला नाही. महिन्याभराने मेसच्या काकू सहज बोलून गेल्या, की तुमचा तो मित्र मध्यंतरी आठ-दहा दिवस एकाच वेळेला जेवत होता. माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला.

आता यंदा विषय निघाल्याबरोबर तो म्हणाला, 'मला त्या दिवशी काम आहे.' अजून तारीख ठरलेली नसताना! आणि आमच्यात त्या महोत्सवात खरा रमणारा तोच. बाकीचे फोटो काढत होते तेव्हा हा वहीत रेखाटनं करत होता. तिथल्या काळ्या घोड्याच्या पुतळ्यावर स्वार का नाही, हेही त्यानेच सांगितलं: मूळ पुतळा सातव्या एडवर्डचा, तो १९६५मध्ये हलवला, आता राणीच्या बागेत आहे, आणि हा बिनस्वाराचा घोडा २०१७मध्ये बसवलेला. आम्ही तोवर त्याला पाठ टेकून सेल्फी काढत होतो.

त्याचे पैसे आम्ही भरू शकतो, पण त्याला ते चालणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे. त्याला न दुखवता कसं जमवावं?

फोर्टवासी

माझं ऑफिस हुतात्मा चौकाजवळ आहे, गेली कित्येक वर्षं महोत्सव बघतोय. आधी वार ठरवा. शनिवार-रविवार संध्याकाळी रॅम्पार्ट रोवर, म्हणजे महोत्सवाच्या मुख्य रस्त्यावर, मुंगीलाही जागा नसते, आत जायलाच रांग लागते. मंगळवार-बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास या. रस्ता वाहनांना बंद असतो, मांडलेल्या कलाकृती निवांत बघता येतात. रेखाटनं करणाऱ्याला तर हीच वेळ. सीएसएमटीहून चालत पंधरा-वीस मिनिटं, टॅक्सी करूच नका.

जहांगीर कलादालनात तिकीट नाही. डेव्हिड ससून ग्रंथालयाच्या बागेत साहित्याचे कार्यक्रम असतात, तिथे खुर्च्या थोड्या, लवकर जाऊन बसावं लागतं. काही कार्यशाळांना आणि वारसा फेऱ्यांना आधी नोंदणी लागते, नाहीतर दारातून परत फिराल.

खायला क्रॉस मैदानाजवळच्या खाऊ गल्लीत जा. कॅफेत सरबताला जेवढे दिले, तेवढ्यात तिथे सगळ्यांचं पोट भरलं असतं.

चहाबाज

सोपं आहे. त्यालाच खजिनदार करा. कॉन्ट्री आधी काढायची, पैसे त्याच्याकडे, खर्च तो ठरवेल.

अनुस्वार

चहाबाज, नाही पटलं. पाच जणांना आइस्क्रीम हवं आणि नाही म्हणायची पाळी नेमकी त्याच्यावर? उलट त्याला जास्त अवघड होईल. मी स्वतः हॉस्टेलवर त्या मित्राच्या जागी होते. मला पैसे नसण्यापेक्षा 'अगं, आम्ही भरतो ना' याचा जास्त राग यायचा. आणि मी पण 'काम आहे' हेच सांगायचे.

गणेशखिंडकर, आकडा तुम्ही पाच जणांनी आधी तुमच्यासाठी म्हणून ठरवा. 'गेल्या वर्षी आपण सगळेच लुटले गेलो, यंदा माणशी ४००च्या वर एक रुपया नाही.' हे खोटंही नाही. मग त्याला सांगा. त्याच्यासाठी केलंय असं कुठे दिसू देऊ नका. आणि हो, मेसच्या काकूंचं नाव चुकूनही काढू नका.

चहाबाज

अनुस्वार, मान्य. माझा सल्ला मागे.

गणेशखिंडकर

४००मध्ये बसेल का पण? सिंहगडचं सेकंड सीटिंग जाऊन-येऊन अडीचशेच्या आत बसतं. राहिले दीडशे. संध्याकाळच्या कार्यक्रमाचं काय?

फोर्टवासी

संध्याकाळचा मोह सोडा, नाहीतर पुन्हा शिवनेरी. थांबायचंच असेल तर रात्री महालक्ष्मी किंवा सिद्धेश्वर या गाड्या पुण्यावरून जातात, पण स्लीपर आधी काढून ठेवायला हवं, आणि पुण्याला भलत्या वेळी उतरून विद्यापीठापर्यंत रिक्षा आलीच. दिवसभर बघा, सव्वापाचला सीएसएमटीच्या वाटेला लागा. दुपारचं जेवण डब्यातून आणलंत तर दीडशेत चहा, वडापाव होऊन वर पैसे उरतील.

गणेशखिंडकर

अपडेट. बुधवारच्या जाता-येता सहा सीट काढल्या. अनुस्वार, तुमचंच वाक्य जवळजवळ जसंच्या तसं ग्रुपवर टाकलं, सगळ्यात आधी कॅफे सुचवणाऱ्यानेच अंगठा दिला. परभणीकराने दोन तास काही लिहिलं नाही. मग लिहिलं, 'डबा माझ्याकडे. घरून धपाटे येणार आहेत, सहा जणांना पुरतील.' त्या दिवसाच्या कामाबद्दल कुणी विचारलं नाही.

आता एकच शंका. डबा उघडून बसायला जागा कुठे?

फोर्टवासी

ओव्हल मैदान. झाडाची सावली बघा, समोर राजाबाई टॉवर आणि क्रिकेट चालूच असतं. धपाट्यांबरोबर दही नेणार असाल तर डब्याचं झाकण घट्ट लावा, सिंहगडच्या गर्दीत सांडलं की संपलं.