मदत हवी आहे : विमा ग्राहकांची कागदपत्रं पुरापासून आणि परक्या नजरेपासून कशी सांभाळू?

नमस्कार मंडळी,

बाबा चिपळुणात तीस वर्षं आयुर्विम्याचे एजंट आणि गेली आठ वर्षं मीही. दोघांचे मिळून साडेचारशेच्या वर ग्राहक. २२ जुलै २०२१ ला पाणी आलं तेव्हा ऑफिस तळमजल्यावर होतं. लोखंडी कपाट जागचं हललं नाही, पण आतल्या फायलींचा लगदा झाला. पाणी ओसरल्यावर पॉलिसी बाँड गच्चीत दोरीला चिमटे लावून वाळवले. जे वाचले नाहीत त्यांच्या डुप्लिकेटसाठी पुढे कित्येक महिने इंडेम्निटी बाँड (नुकसानभरपाईची हमीपत्रं) भरत बसलो.

त्या धसक्याने मी दिसेल त्या कागदाचा फोटो काढायला लागले. आज एकेका ग्राहकाचं आधार माझ्या गॅलरीत आहे, गूगल फोटोजमध्ये आहे, लॅपटॉपवर, दोन पेन ड्राइव्हवर, कंपनीच्या विकास अधिकाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि प्रिंट काढायला पाठवलेलं म्हणून झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवरसुद्धा.

गेल्या महिन्यात आमच्या एका निवृत्त शिक्षिका ग्राहकांना फोन आला. "तुमचा बोनस अडकलाय, प्रोसेसिंग फी भरा." असले फोन सगळ्यांनाच येतात, पण या माणसाला पॉलिसी नंबर, मॅच्युरिटीचा महिना आणि नॉमिनीचं नाव माहीत होतं. बाईंनी फोन ठेवला आणि मला लावला. "अगं, कंपनी आणि तू सोडून हे कुणाकडे आहे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्याकडूनच गेलं असं नाही, पण नाही गेलं असंही छातीठोक सांगता येईना.

आणि आधार-पॅनचं एक वेळ सोडा. प्रपोजल फॉर्मच्या, म्हणजे विम्याच्या अर्जाच्या, प्रतीत कुणाची साखर, कुणाची दारू, बायकांच्या बाळंतपणाची, गर्भपाताची उत्तरं असतात. आमच्या एवढ्याशा गावात हॅकरपेक्षा शेजाऱ्याची भीती जास्त. तर काय ठेवू, कुठे ठेवू, काय नष्ट करू? लॅपटॉप साधा, विंडोज होमचा. महिन्याला फार खर्च झेपणार नाही.

प्रतिसाद :
कुलूप नंतर बघू, आधी सामान कमी करा. केवायसीचे कागद नातं संपल्यावरही पाच वर्षं जपायची जबाबदारी मनी लाँडरिंगच्या कायद्याने कंपनीवर आहे. तुम्ही समांतर दप्तरखाना का चालवताय? ग्राहकाचा सीकेवायसी नंबर (एकदा झालेली केवायसी सगळीकडे चालावी म्हणून मिळणारा, १४ आकडी) असेल तर तो विचारा, दर वेळी आधार मागू नका. मागावंच लागलं आणि चालत असेल तर मास्क्ड आधार घ्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आणि ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड आहे म्हणून निर्धास्त राहू नका. नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल, एवढाच तो असतो. तुमच्या फोल्डरमध्ये ते शेजारीच लिहिलेलं असणार!

धागाकर्ती :
आधारचं पटलं. पण प्रपोजलची प्रत टाकायला बाबा तयार नाहीत. पहिल्या तीन वर्षांत क्लेम आला की कंपनी खोदून चौकशी करते, तेव्हा ग्राहकाने नेमकं काय सांगितलं होतं ते हाताशी लागतं.

प्रतिसाद :
बाबा बरोबर आहेत. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे तीन वर्षांनंतर कंपनीला पॉलिसीवर शंका घेता येत नाही. मग तीच मुदत धरा. फोल्डरच्या नावातच "नष्ट करा" म्हणून महिना-वर्ष लिहा. मात्र रिवायवल झालं, म्हणजे बंद पडलेली पॉलिसी पुन्हा सुरू केली, तर तीन वर्षं तिथून पुन्हा मोजतात, ती तारीख बदलायला विसरू नका.

कुलपाबद्दल : विंडोज होममध्ये पूर्ण बिटलॉकर (विंडोजचं स्वतःचं डिस्क कुलूपबंद करायचं साधन) मिळत नाही. लॅपटॉपवर व्हेराक्रिप्ट टाका, फुकट आहे. तिजोरीसारखी एक फाईल तयार होते, पासवर्ड दिला तरच उघडते. पासवर्ड विसरलात तर ब्रह्मदेवही उघडू शकणार नाही, तेव्हा कागदावर लिहून पाकीट बंद करा आणि बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. गूगल ड्राइव्हवर प्रत हवीच असेल तर क्रिप्टोमेटर बघा, ते प्रत्येक फाईल वेगळी कुलूपबंद करून वर पाठवतं. पेन ड्राइव्ह बंद. दोन हार्ड डिस्क घ्या, दोन्ही अशाच कुलूपबंद. एक वरच्या मजल्यावर, दुसरी घाटावर कुणाकडे तरी. दोन्ही चिपळुणातच ठेवल्या तर २०२१ मधून काय शिकलात?

प्रतिसाद :
पोरी, मीही एजंट, पस्तीस वर्षं झाली. झेरॉक्सवाल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर काही पाठवू नकोस. एक साधा प्रिंटर घे, वर्षात वसूल होतो. जुने कागद रद्दीत तर अजिबात नाही. मी एकदा भेळेच्या पुडीवर एका सद्गृहस्थांचा पॅन वाचलाय! आमच्याकडे अजून पाणी तापवायचा बंब आहे, दिवाळीच्या आधी सगळं त्यात जातं. व्हॉट्सअ‍ॅपचं मीडिया व्हिजिबिलिटी बंद कर, म्हणजे आलेला फोटो गॅलरीत उतरत नाही. आणि मोबाईल एक्स्चेंजला देण्याआधी पूर्ण रीसेट.

प्रतिसाद :
कायद्याचं थोडं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, बहुतेक बंधनं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. निव्वळ कागद त्यात येत नाही, पण तुम्ही फोटो काढलात की आलात. सुरक्षेत कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे, ती वाचून झोप उडवून घेऊ नका. संमती मात्र आतापासून लेखी घ्या. संमतीची सूचना मराठीत मिळण्याचा पर्याय कायद्यानेच ग्राहकाला दिलाय, म्हणून अर्ध्या पानाचा सोपा मराठी मजकूर करा : काय ठेवतो, कशासाठी, कधी काढून टाकतो.

धागाकर्ती :
सगळ्यांचे आभार. रविवारी बसून गूगल फोटोजमधून सहाशेवर फोटो उडवले. साठ दिवस ते ट्रॅशमध्ये राहतात हे तेव्हा कळलं, मग तिथूनही काढले. दुसरी डिस्क कऱ्हाडला मावशीकडे जाईल. बाईंना फोन करून काय काय केलं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझा ईसीजी तेवढा आधी काढ."

आता एकच राहिलं. बाबांची वही. हप्त्याच्या तारखा, नॉमिनी, मोबाईल नंबर, सगळं एका लाल वहीत, आणि ती कापडी पिशवीतून एसटीने गुहागरपर्यंत फिरते. नावांऐवजी पॉलिसीचे शेवटचे चार आकडे लिहा म्हटलं, तर म्हणतात, "मला माणसं आडनावाने आठवतात, आकड्याने नाही." कुणाच्या घरी अशी वही सुटली असेल तर कशी सोडवलीत तेवढं सांगा.