लॉन बुकिंगचं विजेट दुसऱ्यांच्या साइटवर: आयफ्रेम की शॅडो डॉम?

मानेवाडा_डेव्ह

नमस्कार मंडळी. नागपुरातल्या लॉन आणि मंगल कार्यालयांसाठी तारखांचं कॅलेंडर, म्हणजे दुसऱ्याच्या पानात बसणारं विजेट, बनवून राहिलो आहे. बेसा, वर्धा रोड, कोराडी रोडकडचे लॉनवाले आपल्या साइटवर माझा स्क्रिप्ट टॅग (माझा कोड मागवणारी ओळ) चिकटवतात. वर कॅलेंडर, खाली ‘तारीख धरा’चा फॉर्म. साइट म्हणाल तर कोणाच्या भाच्याने सुट्टीत केलेलं वर्डप्रेस, नाहीतर मालकालाही आठवत नाही एवढी जुनी.

तीन कटकटी आहेत. एका साइटवर कॅलेंडर एवढंसं दिसते की आकडे वाचता येत नाहीत. दुसरीच्या थीमने माझ्या टेबलाला जाड काळ्या रेघा मारल्या. तिसरीकडे त्यांच्या वेबसाइटवाल्याने स्पीडसाठी टॅगला असिंक (स्क्रिप्टसाठी पान थांबू नये म्हणून) लावलं आणि विजेट गायब. कोड माझ्या आधीच्या माणसाचा आहे, तो डॉक्युमेंट डॉट राइट, म्हणजे पान उघडतानाच त्यात मजकूर लिहिणारी जुनी पद्धत, वापरते. सगळं आयफ्रेममध्ये (पानातलं दुसरं स्वतंत्र पान) टाकून मोकळं व्हावं, की शॅडो डॉम (त्याच पानात, पण बाहेरच्या स्टाइलपासून वेगळा ठेवलेला भाग) वापरावा? तुळशीचं लग्न लागलं की मालकांचे फोन सुरू होतात, त्याआधी निकाल लावायचा आहे.

धरमपेठ_फ्रंटएंड

भाऊ, आयफ्रेमचं नंतर पाहू. आधी तो टॅग नीट कर, कारण लोकांच्या साइटवर गेलेला टॅग तुझ्या हातात राहत नाही. भाचा पुण्याला नोकरीला लागतो, होस्टिंगचा पासवर्ड त्याच्या जुन्या मोबाइलमध्ये, आणि तू ‘एक ओळ बदला’ म्हणून मेल पाठवत बसतो. टॅगमध्ये फक्त रिकामा डिव्ह, त्याच्या डेटा-अॅट्रिब्यूटमध्ये लॉनचा आयडी, आणि एक असिंक स्क्रिप्ट. रंग, भाषा, थाळीचे दर, सगळं सर्व्हरवरून येऊ दे. स्क्रिप्टच्या पत्त्यात व्ही-१ आत्ताच घाल, पुढे व्ही-२ काढशील तेव्हा जुने ग्राहक जागच्या जागी चालत राहतील.

ती स्क्रिप्टसुद्धा छोटा लोडरच असावी. तिची कॅशे (ब्राउझरने जवळ ठेवलेली प्रत) काही मिनिटांची ठेव. ती जे मुख्य बंडल (सगळ्या कोडची फाइल) मागवते त्याच्या नावात हॅश (कोड बदलला की बदलणारी खूण) टाक आणि त्याला खुशाल वर्षभराची कॅशे दे. बग सुधारला की लोडर नवीन नाव मागतो, लॉनवाल्याला पत्ताही लागत नाही.

तुझी तिसरी कटकट इथेच संपते. असिंक स्क्रिप्टमधून केलेलं डॉक्युमेंट डॉट राइट ब्राउझर सरळ दुर्लक्षित करते. वेबसाइटवाल्याने बरोबरच केलं, त्याच्याशी भांडू नको.

एवढंसं दिसणाऱ्या कॅलेंडरचं सांगतो. त्या साइटवर डेव्हटूल्स (ब्राउझरमधलं पान तपासायचं साधन) उघड, एचटीएमएल टॅगचा फॉन्ट-साइझ पाहा. १० पिक्सेल निघेल याची मला जवळपास खात्री आहे. बूटस्ट्रॅप ३ तेच करायचं, आणि बऱ्याच थीम ६२.५ टक्के लावतात, म्हणजे १६ चे १०. तुझं माप रेममध्ये (पानाच्या मूळ फॉन्ट-साइझच्या पटीत) असेल तर सगळं त्याच हिशोबाने आक्रसते. लोकांना वाटते शॅडो डॉम यातून वाचवेल. नाही वाचवत. रेम नेहमी पानाच्या मुळाकडेच पाहते. विजेटमध्ये पिक्सेल वापर, किंवा स्वतःच्या डब्याला पिक्सेलमध्ये फॉन्ट-साइझ देऊन आत ईएम (जवळच्या फॉन्ट-साइझच्या पटीतलं माप).

काळ्या रेघा मात्र शॅडो डॉमने जातील, कारण बाहेरचे सिलेक्टर (कोणती स्टाइल कशाला लागते ते ठरवणारे) आत शिरत नाहीत. पण रंग, फॉन्ट, लाइन-हाइट वारसाहक्काने येतातच, म्हणून होस्टवर (ज्या डब्याला शॅडो डॉम जोडला त्यावर) ‘ऑल: इनिशियल’ टाक, ते मूळ स्थितीत येतात. देवनागरी वेबफॉन्ट वापरत असशील तर फॉन्ट-फेस (फॉन्ट मागवणारा नियम) शॅडो डॉमच्या आत लिहून चालत नाही, तो मूळ पानात घालावा लागते.

माझं मत: कॅलेंडर शॅडो डॉममध्ये, फॉर्म आयफ्रेममध्ये. तारखा काय, त्या सगळ्या गावाला दिसतातच. पण मुलीच्या बापाचा मोबाइल नंबर त्या पानावरच्या सतरा प्लगइनना वाचता येऊ नये. आयफ्रेम तुझ्या डोमेनवर असेल तर सेम-ओरिजिन नियमाने बाहेरची स्क्रिप्ट आत डोकावू शकत नाही. फक्त तिथे कुकीवर चालणारं लॉगिन ठेवू नको. सफारी २०२० पासून थर्ड-पार्टी कुकी (उघडलेल्या साइटखेरीज दुसऱ्या डोमेनची) अडवते, आयफोनवाला दर वेळी बाहेर फेकला जाईल.

प्रतापनगर_क्यूए

वरचं सगळं बरोबर. मी टेस्टिंगवाली, मला वेगळीच शंका आहे. सर्व्हरवरून तारीख ‘२०२५-११-२३’ अशी स्ट्रिंग येते आणि तुम्ही ती थेट जावास्क्रिप्टच्या डेटला देता का? तशी दिली की तो तिला यूटीसीची (जागतिक प्रमाणवेळेची) मध्यरात्र समजतो. नागपुरात ती २३ च्या पहाटेचे साडेपाच होते, म्हणून इथे कोणालाच कधी चूक दिसणार नाही. अमेरिकेतला नवरदेवाचा भाऊ तेच पान उघडतो तेव्हा तिथे २२ ची संध्याकाळ असते. तो घरच्या ग्रुपवर लिहितो, ‘२२ बुक आहे, २३ रिकामी आहे’. पुढचं भांडण आत्या आणि मामा मिळून करतात.

क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये सेन्सर्स आहे, तिथे सॅन फ्रान्सिस्को निवडून कॅलेंडर पाहा. उपाय सोपा: वर्ष, महिना, दिवस वेगळे काढा आणि त्याला वेळ चिकटूच देऊ नका.

मानेवाडा_डेव्ह

ताई, सॅन फ्रान्सिस्को लावून पाहिलं, सगळ्या तारखा एक दिवस मागे! आणि धरमपेठ दादा, फॉन्ट-साइझ १० च निघाला. फॉर्म आयफ्रेममध्ये हलवला, पण आता नवीन तमाशा. उंची पोस्टमेसेजने (आयफ्रेममधून बाहेरच्या पानाला संदेश) बाहेर कळवतो, तर आयफ्रेम खाली खाली वाढतच चालला आहे, थांबायलाच तयार नाही.

धरमपेठ_फ्रंटएंड

आत कुठेतरी १००-व्हीएच (दिसणाऱ्या भागाची पूर्ण उंची) लिहिलं असेल, वर थोडं पॅडिंगही. आयफ्रेमच्या आत व्हीएच म्हणजे आयफ्रेमचीच उंची. तू उंची कळवतो, बाहेरचा ती वाढवतो, आतलं पुन्हा त्याहून मोठं होते. ते काढ, रिसाइझ-ऑब्झर्व्हर (आकार बदलला की सांगणारा) फॉर्मच्या डिव्हवर लाव आणि त्याचीच उंची पाठव.

बाहेर संदेश घेताना ओरिजिन (कोणत्या साइटचा) आणि सोर्स (कोणत्या फ्रेमचा) दोन्ही तपास. एका पानावर दोन लॉनचे फॉर्म असले की एकाची उंची दुसऱ्याला लागते. टॅगमधल्या डिव्हला सुरुवातीपासून मिन-हाइट दे, नाहीतर विजेट आलं की खालचा मजकूर उडी मारते आणि सीएलएस (पानातला मजकूर किती हलतो त्याचं माप) बिघडते. गूगल ०.१ पर्यंत चांगलं मानते.

फॉर्मच्या पानाला सीएसपीमध्ये (पानाचे सुरक्षा-नियम) फ्रेम-अॅन्सेस्टर्स (ते पान कोण आयफ्रेममध्ये घेऊ शकतं) लाव, तिथे फक्त ग्राहकांचे डोमेन. तीन डब्ल्यू असलेला आणि नसलेला, दोन्ही लिही.

आणि स्क्रिप्टचा डोमेन कंपनीच्या नावावर घे, ऑटो-रिन्यू लाव. पॉलीफिल डॉट आयओचं, जुन्या ब्राउझरसाठी कोड पुरवणाऱ्या साइटचं, आठवते ना? फेब्रुवारी २०२४ मध्ये डोमेन दुसऱ्याच्या हातात गेला, जूनमध्ये त्याच पत्त्यावरून लाखभर साइटवर मालवेअर वाटलं जाऊन राहिलं होतं. त्या साइटवाल्यांनी आपला टॅग हलवलाही नव्हता. उद्या तू हा धंदा बंद केला तरी बेसाच्या लॉनच्या साइटवर तुझा टॅग तसाच राहणार, म्हणून डोमेन सोडायचा नाही. तिथे रिकामी फाइल ठेव आणि दरवर्षी पैसे भरत राहा.